आपलेच टोपले, आपलेच मडके : फैजपूर, डिसेंबर १९३६

स्मरणिकेसाठी लेख मागितला की "पुढच्या वर्षी नक्की" असे सांगून मी आजवर सुटका करून घेत आलो. डिप्लोमाचा माणूस, लेव्हल-बुक आणि मेजरमेंट बुक यापलीकडे हातात पेन धरण्याची सवय नाही. पण गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत मंडपाच्या सजावटीवरून जो वाद झाला, त्यात मीही बराच मोठ्याने बोललो होतो. तेव्हा माझे म्हणणे पूर्ण कोणी ऐकले नाही (आणि खरे सांगायचे तर मीही कोणाचे ऐकले नाही). आज ते शांतपणे लिहून काढतो आहे. निमित्त सजावटीचे असले तरी गोष्ट माझ्या गावाकडची आहे, आणि योगायोग असा की त्या गोष्टीतला मुख्य माणूस बंगालचा आहे.

भुसावळहून खंडव्याकडे निघालेल्या गाडीने तापीचा पूल ओलांडला की दुसखेडा आणि मग सावदा स्टेशन येते. आपल्यापैकी जे नागपूरकडचे आहेत, त्यांचा या लाइनशी फारसा संबंध येत नाही. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि सायडिंगला दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या रेकचे लोडिंग चाललेले, असे ते स्टेशन. माझे लहानपण या स्टेशनाच्या आसपास गेले. रेल्वेत येण्याचे खूळही तिथूनच. स्टेशनापासून आत फैजपूर आहे. आज तिथे कॉलेज आहे, साखर कारखान्याचे नाव आहे, शहरासारखी बाजारपेठ आहे. १९३६ साली मात्र ते पूर्व खानदेश जिल्ह्यातले एक मोठेसे गाव होते, एवढेच.

त्या गावात २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. त्याआधीची एकूणएक अधिवेशने मुंबई, कलकत्ता, मद्रास, लाहोर, कराची, लखनौ अशा शहरांत झाली होती. गांधीजींनी १९३४ मध्ये काँग्रेसच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला होता आणि त्याच वर्षी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला होता. देश खेड्यात राहतो आणि आपण सभा शहरात भरवतो, हे त्यांना खटकत होते. अधिवेशन खेड्यात घ्या, ही सूचना त्यांची. महाराष्ट्राच्या वाट्याला ते आले आणि शंकरराव देव, खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी अशा मंडळींनी अंगावर घेतले. तिथल्या शेतीविषयक ठरावाची, म्हणजे फैजपूरच्या कृषी कार्यक्रमाची, हकिगत इतिहासाच्या पुस्तकात असते. शेतकऱ्यांचा एक मोर्चा मनमाडहून पायी तिथे आला होता आणि किसान सभेचे अधिवेशनही एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच झाले. मनमाड ते भुसावळ हे रेल्वेने सुमारे १८४ किलोमीटर आहे. ट्रॅकवर गस्त घालणाऱ्या आमच्या माणसांनाच हा आकडा अंगावर येईल!

हे सगळे आपण शाळेत एका ओळीत शिकलो असू. पण आमच्या घरात फैजपूरच्या अधिवेशनाची आठवण निघे, ती ठरावांची नसे. माझी आजी त्या वेळी बारा वर्षांची होती. गाव तिथून जवळच, म्हणून बैलगाडीतून सगळे घर पाहायला गेले होते. नेहरू तिने लांबून पाहिले असावेत, पण त्यांच्याविषयी ती कधी बोलली नाही. ती बोलायची ते तिथल्या प्रदर्शनाविषयी. "आपलेच टोपले, आपलेच मडके, अन् पाहाले आले मुंबईचे लोकं!" असे म्हणून ती तोंडाला पदर लावून हसायची. मी तेव्हा शाळेत होतो, नंतर जळगावला पॉलिटेक्निकला. म्हातारीचे बोलणे म्हणून सोडून दिले. तिला नीट बसवून चार प्रश्न विचारले असते, तर आज या लेखाला काही अर्थ आला असता. ती गेली आणि पुढे कित्येक वर्षांनी, इथे बंगालमध्ये, मला कळले की ती नेमके काय सांगत होती.

आमच्या वर्क्स ऑफिसात एक बंगाली सहकारी आहेत, दादा म्हणूया. एकदा चहाच्या वेळी त्यांनी अभिमानाने सांगितले की, थोर चित्रकार नंदलाल बसू आमच्या खड्गपूरचे. मी घरी जाऊन वाचले तर खड्गपूर खरे, पण हे नव्हे! बिहारमध्ये मुंगेर जिल्ह्यात हवेली खड्गपूर म्हणून गाव आहे, तिथे ३ डिसेंबर १८८२ रोजी नंदलाल जन्मले. वडील दरभंगा संस्थानाच्या नोकरीत होते. म्हणजे तेही बंगालबाहेर वाढलेले बंगालीच, आपल्यासारखे. लहानपणी त्यांना दोन गोष्टींचा नाद होता, मातीच्या मूर्ती करण्याचा आणि पूजेचे मंडप सजवण्याचा. (सभेत मी हे सांगायला हवे होते.) पुढे ते अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले, रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनला नेले आणि १९१९ साली सुरू झालेल्या कलाभवनाची धुरा त्यांनी कित्येक वर्षे वाहिली. काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे ते काळे-पांढरे चित्र, जे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते, ते त्यांचे, १९३० सालच्या दांडीयात्रेवरचे. त्याच कलाभवनात आपले कोल्हापूरचे विनायक मासोजी शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. बंगालमध्ये आपल्याआधी किती मराठी माणसे रुजली याची यादी कोणी केली, तर त्यांचे नाव वर घालावे.

त्याच वाचनात फैजपूर हे नाव आले आणि मी चमकलो.

हकिगत अशी. एप्रिल १९३६ मध्ये लखनौ अधिवेशनाच्या वेळी गांधीजींनी नंदलालांकडून भारतीय कलेचे एक प्रदर्शन करवून घेतले होते. ते चित्रांचे होते, चित्रकाराला जमण्यासारखे. फैजपूरसाठी त्यांनी जे मागितले ते वेगळेच होते. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन, त्याची दालने, प्रवेशद्वारे, सगळ्या नगराची शोभा. अट अशी की माल तिथला आणि हातही तिथले. नंदलाल कचरले. मी चित्रकार, बांधकामातले मला काय कळते, असा त्यांचा सूर होता. गांधीजींनी तो मानला नाही. शेवटी ते आपल्या विद्यार्थ्यांसह खानदेशात आले. मुक्काम पोस्ट फैजपूर, हाताशी बांबू, तट्ट्या, गवत, चटया, टोपल्या, माती.

इथे मला थोडे माझ्या धंद्याच्या भाषेत बोलू द्या. बांबूचे बांधकाम बाहेरून सोपे दिसते आणि अजिबात सोपे नसते. त्याला खिळा चालत नाही, उभा चिरतो. बांधणी दोरीची लागते आणि ती पेराजवळच घ्यावी लागते, नाहीतर भार आला की गाठ घसरते. दोरी भिजवून बांधतात, म्हणजे वाळताना आवळते. मोठी कमान करायची तर बांबू ओले असताना वाकवावे लागतात. वारा हा भारापेक्षा मोठा शत्रू, कारण हलके छप्पर खालून उचलले जाते. यातले एकही गणित आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. आम्ही शिकलो ते अँगल, चॅनल, आर.सी.सी. हे ज्ञान असते बुरुडाकडे, छपरे शाकारणाऱ्याकडे, शेतात माळा बांधणाऱ्याकडे. म्हणजे नंदलालांना "बांधकाम कळत नाही" ही अडचण नव्हतीच. ज्यांना कळत होते ती माणसे गावातच होती. आजवर त्यांना कोणी कलाकार म्हटले नव्हते, इतकेच.

अधिवेशनाच्या नगराला टिळकनगर नाव दिले होते. प्रदर्शनाचे उद्घाटन २५ डिसेंबरला गांधीजींनी केले आणि त्या भाषणात श्रेय दोघांना दिले, म्हात्रे नावाच्या वास्तुविशारदांना आणि नंदलालांना. मी कल्पना सांगितली, तिला रूप यांनी दिले, कारण ते कलावंत आहेत आणि मी नाही, अशा अर्थाचे ते बोलले. प्रदर्शन म्हणजे तमाशा नव्हे, ती शाळा आहे, हेही त्यांचे नेहमीचे सांगणे. ग्रामोद्योग संघ ज्या कामांच्या मागे लागला होता, म्हणजे घाणीचे तेल, हातकागद, हातसडीचे तांदूळ, कातडे कमावणे, चरखा आणि माग, ती कामे पाहताना आपल्या धंद्यात काय सुधारता येईल हे खेडुताने शिकावे आणि खेड्यात काय आहे ते शहरवाल्याने पाहावे, अशी दुहेरी शाळा.

आता आजीच्या वाक्याकडे या. बारा वर्षांच्या मुलीला ग्रामोद्योग वगैरे काय कळणार? पण तिला एक गोष्ट दिसली होती. जी टोपली रोज शेण भरायला वापरायची, ती तिथे शोभेला होती. जे मडके फुटले की उकिरड्यावर जायचे, ते मांडून ठेवले होते. आणि कोट-टोपीवाले लोक मान वर करून पाहत होते. तिचे हसणे थट्टेचे होते की अभिमानाचे, हे मला लहानपणी कळले नाही. आता वाटते, दोन्हींचे असावे.

माझे आजोबा तेव्हा विशीतले. तेही आजूबाजूच्या पोरांबरोबर मंडपाच्या कामाला आठ-दहा दिवस गेले होते असे सांगत. खड्डे खणणे, बांबू वाहणे असली कामे. गावातला बुरूड आणि ते एकाच बांबूची दोन टोके खांद्यावर घेऊन चालले, हे ते आवर्जून सांगायचे. आमच्या गावात बुरुडाला सुपली-टोपली घ्यायला बोलवत, पण ओसरीवर बसवत नसत. कामाच्या जागी मात्र, कुठे आवळायचे आणि कुठे सैल ठेवायचे, हे तो सांगे आणि पाटलांची पोरे ऐकत. काम संपल्यावर सगळे एका पंगतीला बसले. "मग गावात परत आल्यावर?" मी एकदा विचारले होते, हे मला पक्के आठवते. आजोबा म्हणाले, "गावात परत आल्यावर इहीर जिची तिच." म्हणजे विहीर ज्याची त्याची. तेव्हा कोणी या प्रदर्शनाने गाव एक झाले, भेदाभेद मिटले असे लिहीत असेल तर मी तरी मान डोलावणार नाही. दहा दिवस मात्र झाले होते. आणि ते दहा दिवस आजोबांना साठ वर्षांनंतरही आठवत होते, याचा अर्थ ते रोजच्यासारखे नव्हते.

अध्यक्षांची मिरवणूक सजवलेल्या बैलरथातून निघाली. गर्दी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त झाली. डिसेंबरची खानदेशी थंडी, कापूस घरात आलेला, हाताला थोडी उसंत. लोक गाड्या जुंपून आले. घरच्या बायकांना घेऊन आले, हे माझ्या मते महत्त्वाचे. सभेला बाया नेण्याची रीत नव्हती. प्रदर्शन हे जत्रेसारखे, तिथे न्यायला कोणाची हरकत नाही. आजीसारख्या कितीतरी जणींनी राजकारण पाहिले ते या दारातून.

पुढच्या खेपेला, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेत हरिपुऱ्याला अधिवेशन झाले. तेही तापीच्याच काठी. अध्यक्ष सुभाषबाबू, अधिवेशन एक्कावन्नावे म्हणून रथाला ५१ बैल! तिथेही नंदलाल. या वेळी त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत खेड्यातल्या माणसांची चित्रे काढली. सुतार, चांभार, ढोलकी वाजवणारे, शेतकरी, कांडण करणाऱ्या बाया. स्वतः ऐंशीच्या वर काढली, आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती करून संख्या चारशेच्या आसपास नेली. ती मंडपात, दारांवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी लावली. ही हरिपुरा पोस्टर्स दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये ती व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत जाऊन आली. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितावरची सजावटही नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांचीच. १६ एप्रिल १९६६ रोजी ते गेले.

हरिपुऱ्याची चित्रे राहिली म्हणून हरिपुरा जगाला माहीत. फैजपूरचे काय? बांबू सोडवले, तट्ट्या उतरवल्या, माल ज्याचा त्याने नेला. थोडे जुने फोटो सोडले तर डोळ्याला दिसण्यासारखे काही उरले नाही. कलेच्या पुस्तकांतून फैजपूरला दोन-चार ओळी मिळतात. आमच्या खात्यात याला 'टेम्पररी स्ट्रक्चर, टू बी डिसमँटल्ड' म्हणतात आणि त्याचे मोजमाप रेकॉर्डवर ठेवत नाहीत. मला याचे वाईट वाटते, पण तक्रार कोणाकडे करणार? मोडण्यासाठीच बांधले होते. आपला गणपतीही दहा दिवसांचाच असतो.

एक मात्र सांगतो. फैजपूरजवळच्या खिरोद्याला, धनाजी नानांच्या गावी, आज ललित कला शिकवणारे कॉलेज आहे. त्या भागातल्या खेड्यातली मुले चित्रकलेचे शिक्षण घ्यायला मुंबईला न जाता तिथे जातात. ते आणि १९३६ यांचा थेट धागा जोडण्याचा मला अधिकार नाही. सुट्टीत गेलो की तिकडून एक चक्कर मारतो, बस्स.

आता इकडचे. आपल्या खड्गपूरहून लोकलने बालिचकला उतरले की पिंगला भागात नया नावाचे गाव लागते. पटचित्रे काढणारे पटुआ तिथे राहतात. लांबलचक गुंडाळीवर गोष्ट रंगवायची आणि एकेक चौकट उलगडत ती गाऊन सांगायची, असा त्यांचा पिढीजात धंदा. धर्माने बहुतेक मुसलमान, आणि गातात मनसादेवी, रामायण, कृष्णलीला. नावेही कित्येकांची दोन्हीकडची. २०१० पासून तिथे थंडीच्या सुरुवातीला 'पोट माया' नावाचा मेळा भरतो. मंडप फारसा नाहीच, गाव हेच प्रदर्शन. घरांच्या भिंती रंगवलेल्या, अंगणात पट पसरलेले, आणि आपण एका अंगणातून दुसऱ्यात जायचे. आपल्यापैकी कुडाळकडचे जे एक-दोन आहेत त्यांना मी सांगितले की ही तुमची पिंगुळीची चित्रकथी! तिथेही ठाकर मंडळी चित्रे दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात, आणि ती कला राखणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पिंगला आणि पिंगुळी, नावातले साम्य निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडला.

नयाला मी सहकुटुंब गेलो होतो. एका अंगणात एक बाई शेवग्याच्या पानांचा हिरवा रंग करून दाखवत होत्या. माझ्या मुलीने विचारले, "बाजारात ट्यूब मिळते ना?" त्या हसल्या आणि तिच्या बोटाला तो रंग लावला. शेजारच्या घरातली पोरे, पलीकडच्या वाडीतल्या शेतकऱ्यांच्या बाया, कॉलनीतून आलेले आमच्यासारखे, सगळे त्या एका ओसरीवर दाटीवाटीने बसलेले. मला आजी आठवली. आपलेच टोपले, आपलेच मडके.

तर गेल्या वर्षीच्या वादाविषयी. कलकत्त्याहून तयार फायबरचा महाल भाड्याने आणावा, असे काहींचे म्हणणे होते. सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाला, तेव्हा दुसरे काय करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी आवाज चढवला, ती माझी चूक. सभेची क्षमा मागतो. पण यंदा समितीने मन मोठे करून सजावटीचे काम माझ्या गळ्यात घातले आहे, त्याचा हिशेब द्यायला हवा. बांबूचे कारागीर मेदिनीपूरचेच आहेत, बांधणी दोरीची आहे, खिळा एकही नाही (मी स्वतः तपासले आहे). मखराच्या मागची कमान आपल्या कॉलनीतल्या मुलांनी आणि त्या कारागिरांनी मिळून चार रविवारांत उभी केली. पहिल्या रविवारी मुले मोबाइलवर होती. तिसऱ्या रविवारी त्यांना घरी पाठवावे लागले.

मंडपात शिरताना डाव्या हाताला टोपल्या, सुपे आणि मडकी मांडली आहेत. प्रत्येकाखाली करणाऱ्याचे नाव लिहिले आहे, बांगला आणि देवनागरी दोन्ही लिपींत. मांडलेल्या वस्तू विकत घेता येतील, पैसे थेट कारागिरांना मिळतील. ते रोज संध्याकाळी आरतीनंतर तिथे बसणार आहेत, आणि प्रसादाला आपल्याबरोबरच असतील. लहान मुलांना घेऊन या. वस्तूंना हात लावला तरी चालेल.